आचारसंहिता, सत्तांतर आणि तुमचं बिल: नव्या फ्रीलान्सरसाठी

सरकार पडलं, पक्ष फुटला किंवा निवडणूक लागली की नव्या फ्रीलान्सरला पहिली धास्ती वाटते ती दर पडण्याची. खरं तर दर सगळ्यात शेवटी पडतो. आधी सही थांबते, मग बिल थांबतं, मग नवं काम येणं थांबतं, आणि या सगळ्या काळात कोटेशनवरचा दर जसाच्या तसा असतो. खातं मात्र रिकामं होत जातं. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या दरापेक्षा पैसे हातात कधी पडतात त्याबद्दल आहेत. डिझाइन, डीटीपी, अनुवाद, व्हिडिओ एडिटिंग, फोटो, ड्रोन, वेबसाइट अशी कामं महाराष्ट्रात बसून करणाऱ्यांसाठी हे लिहिलं आहे.

पायरी १: मूळ पैसा कुणाचा ते शोधा

गेल्या बारा महिन्यांची बिलं एका शीटवर उतरवा. चार रकाने पुरतात: काम कोणी दिलं, रक्कम किती, किती दिवसांनी मिळाली, आणि मूळ पैसा कुणाचा. चौथा रकाना बहुतेक जण भरतच नाहीत. पुण्यातल्या एजन्सीने माहितीपुस्तिका करून घेतली, नाशिकच्या प्रिंटरने फ्लेक्सचं डिझाइन मागवलं, एका संस्थेने प्रशिक्षणाचं साहित्य अनुवादाला दिलं. तीन वेगळी गिऱ्हाइकं दिसतात, पण तिघांचाही पैसा एकाच खात्याच्या एकाच योजनेतून येत असू शकतो. योजनेला स्थगिती मिळाली की तिघांचे फोन एकाच आठवड्यात बंद.

एका राजकीय निर्णयाने एकदम थांबू शकेल असं काम एकूण कमाईच्या तिसऱ्या हिश्श्यावर जाऊ देऊ नका. निम्म्याच्या पुढे गेलात तर तुम्ही फ्रीलान्सर उरत नाही, त्या खात्याचे बिनपगारी कर्मचारी होता.

पायरी २: कॅलेंडर आधी मांडा

२०२४ साल समोर ठेवा. लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली आणि ६ जूनला उठली: ८२ दिवस. सुरुवातच आर्थिक वर्ष संपायला पंधरा दिवस असताना झाली, म्हणजे मार्चअखेरीच्या बिलांच्या ऐन गर्दीत. निवडणुकीचं वर्ष म्हणून फेब्रुवारीत अंतरिम अर्थसंकल्प आला, राज्याचा पूर्ण अर्थसंकल्प २८ जूनला मांडला गेला. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. निकाल २३ नोव्हेंबरला, मुख्यमंत्र्यांचा शपथविधी ५ डिसेंबरला, मंत्र्यांचा १५ डिसेंबरला, आणि खातेवाटप २१ डिसेंबरला. मंत्र्याच्या मान्यतेसाठी नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, अडली असेल तर १५ ऑक्टोबरपासून मोजा: ६७ दिवस. दोन्ही मिळून १४९ दिवस, म्हणजे एका वर्षातले जवळजवळ पाच महिने.

२०१९ मध्ये निकाल २४ ऑक्टोबरला लागला. मध्ये राष्ट्रपती राजवट आली, एक पहाटेचा शपथविधी झाला, आणि सरकार स्थिर झालं ते २८ नोव्हेंबरच्या शपथविधीनंतर. त्यामुळे निकालाच्या दिवशी कोंडी फुटेल असं गृहीत धरू नका. खातेवाटपाची तारीख धरा आणि तिच्यापुढे महिनाभर सोडा.

निवडणूक न होण्याचाही परिणाम होतो. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. पुण्यासह इतर अनेक महापालिकांतही तोवर प्रशासकच होते. नगरसेवकच नाहीत, म्हणजे कार्यअहवाल, प्रभागाची दिनदर्शिका, दिवाळीचं शुभेच्छापत्र अशी बारमाही छोटी कामं जवळजवळ चार वर्षं आटली. मग सगळं एकदम, काही आठवड्यांत आलं. ज्यांनी या गर्दीला कायमची मागणी समजून नवं मशीन हप्त्यावर घेतलं, त्यांचा हप्ता गर्दीपेक्षा जास्त टिकतो.

पायरी ३: सरकारी काम घेताना कागद असा करा की तो तुमच्याशिवाय बोलेल

सत्तांतरानंतर बदल्या होतात. ज्या साहेबांनी "करून टाका, बिलाचं बघू" म्हटलं ते दुसऱ्या जिल्ह्यात जातात, आणि नव्या खुर्चीतला माणूस फक्त नस्ती वाचतो. नस्तीत नसलेलं काम झालेलंच नसतं. म्हणून हातात हवं ते असं.

कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर, सही-शिक्क्याची आणि जावक क्रमांक व तारीख असलेली. व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो चालेल, पण त्यावर जावक क्रमांक दिसला पाहिजे. तो नसलेलं पत्र कार्यालयाच्या नोंदवहीत सापडत नाही, आणि तोंडी आदेशापेक्षा त्याची किंमत फार जास्त नाही.

लेखाशीर्ष, म्हणजे अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं. खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली पडणार हे आदेशात लिहिलेलं असतं. नसेल तर विचारा. त्याबरोबर दुसरा प्रश्न: "निधी बीम्सवर आला आहे का?" बीम्स ही राज्याची निधी वितरणाची ऑनलाइन प्रणाली आहे. अर्थसंकल्पात तरतूद असणं आणि तो निधी त्या कार्यालयाला प्रत्यक्ष वितरित होणं यात कधी कधी महिने जातात. लेखा शाखेतल्या लिपिकाला हे एका मिनिटात कळतं. तरतूद आहे पण वितरण नाही असं उत्तर आलं, तर काम घ्यायला हरकत नाही, पण पैसे पुरवणी मागण्यांनंतर, म्हणजे वर्षाच्या मध्ये जादा निधी मंजूर झाल्यावर, येतील असं धरून घ्या.

पोच. प्रत्येक टप्प्याची फाइल देताना पत्राची दुसरी प्रत आवक शाखेत नेऊन शिक्का मारून घ्या. ईमेल पाठवला असेल तर "मिळाला, तपासून कळवतो" एवढं एका ओळीचं उत्तर मागून घ्या. काम संपल्यावर काम समाधानकारक पूर्ण झाल्याचं पत्र. हे पत्र बिलासोबत मागितलं जातंच, पण ते काम संपल्याच्या आठवड्यातच घ्या. तीन महिन्यांनी सही करणारा माणूस बदललेला असतो.

बदलाची अट. मंत्र्याचा फोटो, नाव, घोषवाक्य किंवा योजनेचं नाव बदलल्यास होणारं काम नवं काम धरलं जाईल, असं कोटेशनमध्ये लिहा. ३० जून २०२२ ला राज्यात नवे मुख्यमंत्री आले तेव्हा छापायला तयार असलेल्या कितीतरी गोष्टींची पानं एका दिवसात जुनी झाली. पहिलं पान, मनोगत, शेवटचं पान आणि प्रत्येक पानावरची पट्टी बदलायची म्हणजे ४० पानी पुस्तिकेत किमान दीड दिवस जातो. अट नसेल तर तो दीड दिवस "छोटी दुरुस्ती" म्हणून फुकट मागितला जातो.

त्याच सत्तांतरानंतर आधीच्या सरकारने मंजूर केलेल्या अनेक कामांना स्थगिती मिळाली आणि काही प्रकरणं उच्च न्यायालयापर्यंत गेली. फ्रीलान्सर कोर्टात जात नाही, त्याला परवडत नाही. त्यामुळे काम टप्प्यांत तोडणं हाच उपाय: आराखडा, पहिला मसुदा, अंतिम फाइल, आणि प्रत्येक टप्प्याचं स्वतंत्र बिल. स्थगिती आली तरी झालेल्या टप्प्यांचा कागद पूर्ण असतो.

मध्ये एजन्सी असेल तर करारात एक वाक्य हमखास सापडतं: "विभागाकडून रक्कम प्राप्त झाल्यानंतर अदा करण्यात येईल." ते खोडायला सांगा. ऐकलं नाही तर पुढे "किंवा बिलाच्या तारखेपासून ४५ दिवसांत, जे आधी असेल ते" एवढं जोडून घ्या. का, ते पाचव्या पायरीत.

आचारसंहिता लागली त्या दिवशी काय कराल? निवडणूक आयोगाचा नियम साधारण असा: नवं काम जाहीर करता येत नाही, आदेश निघाला पण काम प्रत्यक्षात सुरू झालेलं नाही, तर ते सुरू करता येत नाही, सुरू असलेलं चालू राहू शकतं, आणि समाधानकारक पूर्ण झालेल्या कामाचे पैसे द्यायला आचारसंहितेची आडकाठी नाही. हे शेवटचं पाठ करून ठेवा, कारण "आचारसंहिता आहे, बिल निघणार नाही" हे उत्तर तुम्हाला काउंटरवर ऐकू येणारच. त्यावर शांतपणे विचारा की आयोगाच्या कुठल्या सूचनेनुसार, आणि तसं लेखी द्याल का. बऱ्याचदा खरं कारण निधी नसणं किंवा माणूस निवडणूक ड्यूटीवर असणं हे असतं. कारण कळलं की निदान वाट किती पाहायची ते कळतं.

काम "सुरू" झाल्याचा पुरावा बांधकामात खड्ड्याने दिसतो. तुमच्या कामात तो ईमेलने दाखवावा लागतो. म्हणून आदेश मिळाल्याच्या दोन दिवसांत काहीतरी पाठवा, दोन पानांचा नमुना का असेना. आणि सरकारच्या कामगिरीच्या जाहिराती, व्हिडिओ, पोस्टर हे आचारसंहितेत बंदच होतं. तिथे वाद घालू नका, झालेल्या टप्प्याचं बिल लावा आणि बाहेर पडा.

बिल अडकलं तर ६० दिवसांनी माहिती अधिकाराचा अर्ज. १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत. "बिल का दिलं नाही" असं विचारू नका. त्या प्रश्नाचं उत्तर देणं त्यांना बंधनकारक नाही. विचारायचं ते असं: अमुक तारखेच्या देयकाचा नस्ती क्रमांक, त्यावरील आजपर्यंतच्या टिपणीची प्रत, आणि देयक सध्या कोणत्या टेबलावर आहे. अनेकदा हा अर्ज पोचल्यावरच नस्ती शोधायला सुरुवात होते.

पायरी ४: उमेदवाराचं काम

इथे मागणी प्रचंड आणि मुदत नाममात्र. पैसे मिळण्याचा काळ त्याहून छोटा. प्रचार मतदान संपायच्या ४८ तास आधी थांबतो. तुमची बाकी त्याआधी मिळाली नाही तर हरलेला फोन उचलत नाही आणि जिंकलेला मुंबईत असतो. म्हणून निम्मी रक्कम काम सुरू करताना, उरलेली प्रचार संपायच्या तीन दिवस आधी, आणि मूळ ओपन फाइल पूर्ण पैसे आल्यावरच. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या दरात, तिसरीपासून वेगळे पैसे. रात्री दहानंतरच्या कामाला दीडपट. हे सगळं व्हॉट्सअॅपवर एका मेसेजात पाठवा आणि "ठीक आहे" असं उत्तर आल्याशिवाय फाइल उघडू नका.

आता कायद्याचा भाग, जो नवख्यांना कोणी सांगत नाही. विधानसभेसाठी उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख, लोकसभेसाठी ९५ लाख रुपये आहे. उमेदवार निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडतो, १० हजारांवरची रक्कम रोखीने देता येत नाही, आणि निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडे जातो. तुमचं बिल त्या हिशेबात जोडलं जातं. दर त्या अधिकाऱ्याने ठरवलेल्या दरसूचीशी ताडला जातो. चहा-वडापावपासून मंडप-गाडीपर्यंत सगळ्याचे दर तिथे असतात. कोटेशन देण्याआधी ती सूची मिळवा. तुमच्या कामाचा दर त्यात असेल तर आकडा कुठून वाकवला जाणार हे आधीच कळतं. "बिल निम्म्याचं करा, बाकी हातात देतो" असं हमखास ऐकायला मिळतं. करू नका, तपासणी झाली तर सही तुमची असते, आणि हातात देणारा माणूस कार्यकर्ता असतो, उमेदवार नसतो.

पत्रक, पोस्टरवर मुद्रक आणि प्रकाशक यांचं नाव-पत्ता लागतोच. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२७क नुसार तो नसेल तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डिझाइन करतानाच खालच्या कडेला एक ओळ राखून ठेवा, अक्षर वाचता येईल एवढं. शेवटच्या क्षणी कोंबलेली ओळ कटिंगमध्ये जाते आणि सगळा गठ्ठा परत येतो.

व्हिडिओ आणि ऑडिओ जाहिरातीला प्रसारणाआधी माध्यम प्रमाणन समितीची मंजुरी लागते. टीव्ही, रेडिओ, समाजमाध्यमं सगळ्यांना. उमेदवार किंवा नोंदणीकृत पक्षाने किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा असतो, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती, साक्षांकित संहिता आणि निर्मितीचा खर्च. म्हणजे एडिटरकडून तीन गोष्टी मागितल्या जाणार: अंतिम फाइल, त्यातला शब्दन्‌शब्द उतरवलेला कागद, आणि बिलाचा आकडा. मंजुरीनंतर एक शब्द जरी बदललात तरी पुन्हा अर्ज. ही संहिता लिहून देण्याचे वेगळे पैसे लावा, अर्धा दिवस जातो.

पक्षफुटीचं गणित वेगळं आहे. निवडणूक आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये शिवसेनेचं धनुष्यबाण गोठवलं, एका गटाला मशाल मिळाली, फेब्रुवारी २०२३ मध्ये धनुष्यबाण दुसऱ्या गटाकडे गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्रवादीच्या घड्याळाचा निकाल लागला आणि तुतारी वाजवणारा माणूस हे नवं चिन्ह आलं. एका पक्षाचे दोन झाले की मागणी दुप्पट होते असं वाटतं आणि काही आठवडे होतेही. पण नव्या चिन्हाच्या गटाकडे उत्साह जास्त आणि रोकड कमी असते. तांत्रिक बाजूने एवढंच करा: चिन्ह, पक्षाचं नाव आणि नेत्यांची फोटोपट्टी या तीन गोष्टी टेम्पलेटमध्ये स्वतंत्र लेयरवर किंवा लिंक केलेल्या फाइलमध्ये ठेवा. एका फाइलीत बदल केला की साठ बॅनर बदलले पाहिजेत.

पायरी ५: उद्यम, ४५ दिवस आणि जीएसटीचा सापळा

उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, आधार आणि पॅनवर ऑनलाइन होते, फुकट. पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. ही नोंदणी काम घेण्याआधीच करा. अडकल्यावर केलेली नोंदणी जुन्या बिलाला उपयोगी पडेल याची खात्री नाही. सूक्ष्म आणि लघु उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानुसार लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. करारात ९० दिवस लिहिले असले तरी मर्यादा ४५ चीच. तक्रार याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन करता येते, आणि निकालाला आव्हान द्यायचं तर देणेकऱ्याला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम खाजगी कंपनीला ती प्रत्यक्ष देईल त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते, आधी नाही. एजन्सीच्या मालकापेक्षा तिच्या सीएला हे पटकन कळतं. आठवणीचा ईमेल पाठवताना त्यांना प्रत ठेवा.

जीएसटी नोंदणी असेल तर सापळा असा. दोन लाखांचं बिल, त्यावर १८ टक्के म्हणजे ३६ हजार. पैसे आले नाहीत तरी बिल काढलं की दर महिन्याचं विवरण भरणाऱ्याला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला ते ३६ हजार भरावे लागतात. सरकार बदललं आणि बिल आठ महिने अडकलं, तर आठ महिने तुमचे ३६ हजार बाहेर. बिल उशिरा काढून सुटका नाही, कारण सेवा दिल्यापासून ३० दिवसांत ते काढावंच लागतं. सतत चालणाऱ्या कामात मात्र करारातच "मसुद्याला लेखी मान्यता मिळाल्यावर त्या टप्प्याचं बिल देय" असं लिहिता येतं; मग बिलाची तारीख मान्यतेशी बांधली जाते. हे आपल्या सीएकडून एकदा तपासून घ्या. सेवांची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर नोंदणी सक्तीची नाही, आणि फक्त रुबाबासाठी ती घेऊ नका.

पायरी ६: परदेशी गिऱ्हाईक

इथे दर तुमच्या नकळत पडतो. जून २०१६ मध्ये ब्रेक्झिटच्या मतदानाआधी पौंड शंभर रुपयांच्या आसपास होता. त्याच ऑक्टोबरात तो ८१-८२ ला आला. महिना १,००० पौंडांचं काम लाखावरून ८२ हजारांवर, आणि कामाचा एक तासही कमी झाला नाही. दर वर्षभरासाठी बांधताना एक ओळ घाला: विनिमय दर आजच्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त बदलला तर दोन्ही बाजू दराचा फेरविचार करतील.

दुसरं, तिथला मूळ पैसा सरकारी आहे का ते इथल्यासारखंच शोधा. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने परदेशी मदत ९० दिवसांसाठी गोठवली आणि यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचे प्रकल्प जिथल्या तिथे थांबले. त्या साखळीत अनुवाद आणि मूल्यमापनाची कामं करणारे भारतीयही होते. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ तिथलं सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिलं. अशा बंदनंतर कायम कर्मचाऱ्यांना थकलेला पगार देण्याचा कायदा तिथे आहे; कंत्राटी लोकांसाठी तशी हमी नाही. म्हणून करारात दोन ओळी हव्यात: काम थांबवल्याच्या दिवसापर्यंतचे पूर्ण पैसे, आणि ३० दिवसांच्या सूचनेशिवाय थांबवलं तर एका महिन्याची रक्कम. बिल महिन्याला न काढता पंधरवड्याला काढा, म्हणजे एका झटक्यात बुडणारी रक्कम निम्मी होते.

अमेरिकेत नोकरीसाठी लागणाऱ्या एच-वन-बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर सप्टेंबर २०२५ मध्ये एक लाख डॉलर शुल्क लागलं तेव्हा "आता घरबसल्या काम वाढणार" अशी चर्चा झाली. त्याच महिन्यात परदेशी कामाच्या पैशांवर २५ टक्के कर लावण्याचं विधेयकही तिथे मांडलं गेलं. विधेयक म्हणजे कायदा नव्हे. दोन्हीपैकी कशावरही दर वाढवू किंवा पाडू नका.

पैसे आल्यावर बँकेकडून परदेशी रक्कम जमा झाल्याचं प्रमाणपत्र दर वेळी घ्या. जीएसटी नोंदणी असेल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता परदेशी बिल काढण्यासाठीचं हमीपत्र, दर एप्रिलला नव्याने भरा, आणि बिलापासून वर्षभरात पैसे आले नाहीत तर कर व्याजासह तुमच्या अंगावर येऊ शकतो हे लक्षात ठेवा.

इंटरनेट बंदी ही छोटी वाटणारी पण कराराला मारक गोष्ट. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावानंतर इंटरनेट बंद झालं. बांगलादेशात जुलै २०२४ मध्ये देशभर अनेक दिवस बंद होतं आणि तिथल्या फ्रीलान्सरांची कामं मुदतीअभावी गेली. चालू कामाची प्रत रोज रात्री क्लाउडवर, आणि दुसऱ्या जिल्ह्यातल्या एका सहकाऱ्याकडे तिचा पासवर्ड व गिऱ्हाइकाचा फोन नंबर. बंदी लागली की साधा फोन किंवा एसएमएस करून त्याने गिऱ्हाइकाला कळवायचं.

पायरी ७: दर कमी करायची वेळ आली तर

काम खरंच आटलं असेल तर दराला हात लावण्याआधी कामाचा आकार कमी करा: २४ पानांऐवजी १६, तीन नमुन्यांऐवजी एक, मुदत चार दिवसांऐवजी दहा. पानाचा दर एकदा ७०० वरून ४५० केला की पुढच्या वेळी बोलणी ४५० पासूनच सुरू होतात, सरकार स्थिर झालं तरी. सूट द्यायचीच असेल तर ती बिलावर वेगळ्या ओळीत "विशेष सूट" म्हणून दाखवा, मूळ दर वर तसाच छापा. आणि प्रत्येक कोटेशनच्या तळाशी वैधता लिहा: शांत काळात ३० दिवस, निवडणूक लागण्याची चिन्हं असतील तर ७.